पोरकी प्रत

ओस्ला इझ्बिस्टर सकाळी आधी हीटर लावते,
मग सर्व्हर, मग चहा.
बाहेर शेटलंडचा वारा.
झाडं नाहीत, म्हणून माणसांवरच राग काढतो.

रात्रीतून अकरा पुस्तकं गेलेली.
चोरी नाही. मुदत संपली.
दोन वर्षांचं भाडं होतं ते,
आपण त्याला खरेदी म्हणत होतो.
फळीवर ना पोकळी, ना धुळीत उरलेला चौकोन.
बेट्सी मॅन्सन एकशे बाराव्या पानावर होती,
तिचा फोन येतो: त्या बाईचं पुढे काय झालं गं?
ओस्ला म्हणते, नूतनीकरणाचा अर्ज केलाय.

पण तिच्या टेबलावरचं दुखणं निराळं.
मॅग्नी टलकची पुस्तिका, एकोणीसशे एक्कावन्न,
चौसष्ट पानं, कण्यात दोन गंजके टाचे.
खोल समुद्रात जमिनीची नावं घेऊ नयेत, अपशकुन होतो,
म्हणून तिथे चालणारे शब्द त्यानं टिपून ठेवलेले:
पाद्री म्हणजे उभा राहणारा,
मांजर म्हणजे मऊ पायांची.
बायकोसाठीचा शब्द मिठाच्या डागाखाली गेलाय.
एवढीच एक प्रत.
स्कॅन करायला वीस मिनिटं पुरतील.
परवानगी शोधतेय, त्याला तीन वर्षं झाली.

पुस्तकाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?
एकोणसाठ साली मॅग्नीची बोट परतलीच नाही.
समुद्रानं त्याला ठेवून घेतलं,
कायदा मात्र मरणानंतरही सत्तर वर्षं मोजतो.
छापखान्याच्या जागी आता तळलेल्या माशांचं दुकान;
मालक म्हणाला, हक्क? माझ्याकडे फक्त कढया आल्या.
लेक न्यूझीलंडला गेली होती. पत्र परत आलं,
वर शिक्का, या पत्त्यावर कोणी नाही.
कसून शोध घेतल्याचा पुरावा ठेवा, वकील म्हणाले.
ठेवला. फाइल पुस्तकापेक्षा जाड झाली.

अनाथ कृती, असंच म्हणतात तिला.
दत्तक नाही मिळत. सात वर्षं सांभाळायचा परवाना,
फी भरायची, मग पुन्हा त्याच दारावर टकटक.
कौन्सिलच्या बैठकीत हा विषय
छपराच्या गळतीनंतर येतो,
म्हणजे येत नाही.

मग एका गुरुवारी गिब्बी लीस्क आला,
भिंतीला हात लावत.
मॅग्नीच्या बोटीवर चहा करणारा पोरगा तो.
त्या दिवशी गालफुगी झाली होती, म्हणून वाचला.
आता चौऱ्याऐंशीचा. डोळ्यांत मधोमध काळा ठिपका.
म्हणाला, वाचलो खरा,
पण ते पुस्तक वाचायचं राहिलंय.

ओस्लानं कलमं उपसली.
पाचच्या सुमाराला एक पोटकलम सापडलं,
अरुंद, घरामागच्या दारासारखं:
ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी
कुणालाही न विचारता प्रत काढता येते.
तीन वर्षं बंद असलेलं कुलूप
एका म्हाताऱ्याच्या आंधळेपणानं उघडलं.
तिला हसू आलं नाही.

यंत्र वाचू लागलं, बँकेतल्या बाईच्या आवाजात.
गिब्बी प्रत्येक शब्द दुरुस्त करत गेला.
ही प्रत फक्त तुमच्यासाठी, ओस्लानं बजावलं,
दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.
नाही देणार, तो म्हणाला. पण मला ऐकायलाही कमी येतं.

शनिवारी धक्क्याजवळच्या त्याच्या घराची खिडकी सताड उघडी,
आवाज पूर्ण वर.
जाळी निवडणारी दोन पोरं हात थांबवून उभी.
बेट्सी मॅन्सन पिशवी खाली ठेवून उभी.
ओस्लाही उभी राहिली, सरकारी कोट घालून.
फॉर्ममध्ये खिडकीचा रकाना नव्हता.

डागापाशी यंत्र अडखळलं, गप्प झालं.
आणि आतून गिब्बीनं तो शब्द म्हटला,
पासष्ट वर्षं जमिनीवर न उच्चारलेला.

ओस्लानं पावतीच्या पाठीवर तो लिहून घेतला.
मग पेन तसंच राहिलं हातात.
हा आता कुणाच्या नावावर लावायचा?